शू-शीची सवय: ‘दोन वर्षं थांबा’ हा सल्ला आता पुरे!

‘डॉक्टर, बाळ आठ महिन्यांचं झालं. सासूबाई रोज सकाळी त्याला पायावर बसवतात. मी त्यांना नको म्हणते. दोन वर्षांच्या आत असं केलं तर मुलांच्या मनावर परिणाम होतो असं वाचलंय. खरं आहे का?’

हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला सारखा ऐकू येतो. कधी वाद सासूबाईंशी असतो, कधी स्वतःच्या आईशी, कधी बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींशी. विचारणारी आई वाचणारी असते, बाळाची मनापासून काळजी करणारी असते. म्हणून मी उत्तर स्पष्ट देते: नाही, हे खरं नाही. बाळाच्या खुणा ओळखून, जबरदस्ती न करता, हसत-बोलत त्याला पायावर किंवा पॉटीवर बसवलं तर त्याच्या मनाला इजा होते असा कुठलाही पुरावा नाही. या वादात सासूबाई बरोबर आहेत.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जन्मल्यापासून चोवीस तास डायपर, दोन-अडीच वर्षं त्या विषयावर चकार शब्द नाही, आणि मग प्लेग्रुपचा प्रवेश ठरला की पंधरा दिवसांत ‘आता डायपर बंद!’ हा क्रम आपण हल्ली नेहमीचा करून टाकला आहे. तो मोठ्यांच्या सोयीचा असेल, पण बाळाच्या सोयीचा नाही. त्याला ‘शास्त्रीय’ म्हणणं तर मुळीच बरोबर नाही.

बाळाला काहीच कळत नाही?

‘थांबा’ म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की लहान बाळाची शू-शी आपोआप होते, त्याला त्यातलं काही कळत नाही, मग बसवून उपयोग काय?

यात अर्धं खरं आहे. शू धरून ठेवणारा स्नायू स्वतःच्या मर्जीने आवळणं-सोडणं हे बाळाला पहिल्या वर्षात नीट जमत नाही. तो ताबा साधारण दीड वर्षानंतर हळूहळू येतो. पण ताबा नसणं आणि जाणीव नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणीव बाळाला असते.

नवजात बाळाच्या मूत्राशयात साधारण ३० मिली लघवी मावते, म्हणजे सहा चमचे. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत ते तासाला एकदा, दिवसाला वीस वेळा शू करू शकतं. पण ही शू चोवीस तास सारखी पसरलेली नसते. गाढ झोपेत बाळ सहसा शू करत नाही. शू होण्याआधी ते चाळवतं, अंग हलवतं, कधी जागंही होतं. म्हणूनच झोपून उठल्याबरोबर शू होते, हे प्रत्येक आईला माहीत असतं. शीचंही तसंच. पोटात दूध गेलं की मोठं आतडं हालचाल करायला लागतं. हा जन्मजात प्रतिक्षेप आहे. दूध पिता पिता बाळ लाल होतं, कुंथतं, स्तन सोडतं, पुन्हा धरतं, पाय पोटाशी घेतं. ‘आज नीट पीतच नाहीये’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याला शी आलेली असते.

आता मला सांगा, बाळाला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, म्हणून आपण त्याच्या भुकेच्या खुणा ओळखायच्या थांबतो का? ते एक वर्षाचं होईपर्यंत धड शब्द बोलत नाही, म्हणून वर्षभर त्याच्याशी गप्प बसतो का? उलट पहिल्या दिवसापासून आपण बडबडतो. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही बोलतो, कारण ऐकत ऐकतच बाळ भाषा शिकतं. मग शू-शीच्या बाबतीतच ‘आधी सगळं येऊ दे, मग बोलू’ हा नियम कुठून आला?

पायावर बसवणं म्हणजे बाळाशी बोलणंच

आपल्याकडे घरातली मोठी बाई पाटावर बसते, पाय पुढे पसरते, दोन पावलांच्या मध्ये थोडी जागा ठेवते आणि बाळाला पावलांवर बसवते. बाळाची पाठ किंवा छाती तिच्या नडगीला टेकलेली असते. बाळ आपोआप उकिडवं होतं. शी व्हायला याहून चांगली बैठक नाही, कारण या स्थितीत गुदमार्गाचा कोन सरळ होतो आणि कमी जोर लावावा लागतो. मग ती तोंडाने ‘शूऽऽ’ करते. नळाच्या धारेसारखा आवाज. काही दिवसांत बाळाची त्या आवाजाशी, त्या बैठकीशी आणि आतल्या त्या जाणिवेशी सांगड बसते.

आपल्या भाषेत बाळाच्या लघवीला ‘शू’च म्हणतात. तोच आवाज, तोच शब्द. कुठल्याही पुस्तकाशिवाय आपल्या आज्या-पणज्यांनी खूण आणि शब्द एक करून टाकले. याच गोष्टीला परदेशात आता ‘एलिमिनेशन कम्युनिकेशन’ असं भारदस्त नाव मिळालं आहे, त्यावर पुस्तकं निघतात, कार्यशाळा भरतात. आणि इकडे आपल्या घरात आजीला ‘तुमचं जुनं झालं’ असं सांगितलं जातं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. केनियाच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांमध्ये आई बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच पाय पसरून पायांमध्ये धरते आणि ‘शू’सारखाच आवाज काढते. १९७७ साली अमेरिकेतल्या ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगशास्त्राच्या मासिकात याचं वर्णन छापून आलं. ती बाळं पाच-सहा महिन्यांत बऱ्यापैकी कोरडी राहू लागत होती. चीनमध्ये बाळांना मधोमध फाक असलेल्या विजारी घालायची जुनी पद्धत आहे. व्हिएतनाममध्ये आया शिट्टी वाजवतात. तिथल्या ४७ आयांचा काही वर्षांपूर्वी अभ्यास झाला. नवव्या महिन्यापर्यंत सगळी बाळं पॉटी वापरत होती आणि दोन वर्षांची होईपर्यंत बहुतेकांना ते न सांगता जमत होतं. त्याच संशोधकांना असंही दिसलं, की मूत्राशय नीट रिकामं करणं या मुलांना स्वीडनमधल्या मुलांच्या बरंच आधी जमू लागलं होतं.

हे अभ्यास लहान आहेत. त्यावरून ‘प्रत्येक बाळ नवव्या महिन्यात कोरडं झालंच पाहिजे’ असा निष्कर्ष काढणारी मी नाही, तुम्हीही काढू नका. पण ‘दोन वर्षांआधी शरीर तयारच नसतं’ हे सरसकट विधान पाडायला तेवढे पुरेसे आहेत.

मग ‘थांबा’ आलं कुठून?

ही गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तो सल्ला द्यायला तेव्हा खरं कारण होतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेत बाळाला शिस्त लावण्याचं मोठं वेड होतं. सरकारी पुस्तिकांमध्येसुद्धा अगदी पहिल्या महिन्यांपासून ठरलेल्या वेळी, घड्याळाच्या काट्यावर बाळाला बसवा, असं सांगितलेलं असे. बाळाच्या खुणांकडे कोण बघणार? वेळ झाली की बसायचं आणि करायचं. मोठ्या मुलांना शिक्षा होत, एनिमा दिले जात. याने मुलं घाबरत, शी धरून ठेवत.

डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९६२ साली त्यांनी आपल्या ११७० बालरुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मूल तयारीच्या खुणा दाखवेल तेव्हा, साधारण दीड वर्षानंतर, हळूहळू सुरुवात करा, जबरदस्ती नको, मूल नको म्हणालं तर थांबा. त्यांच्या पद्धतीत मुलं सरासरी २८ महिन्यांच्या आसपास दिवसा कोरडी राहू लागली. जबरदस्तीविरुद्धचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि आजही आहे.

पण त्याच सुमाराला, १९६१ साली, अमेरिकेच्या बाजारात पॅम्पर्स आले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत डायपर पातळ झाले, जास्त शोषणारे झाले, मोठ्या मापांत मिळू लागले. ‘जबरदस्ती करू नका’ या सल्ल्याचं हळूहळू ‘काहीच करू नका’ झालं. १९९८ मध्ये तर मोठ्या मुलांसाठीच्या पॅम्पर्सच्या जाहिरातीत स्वतः डॉ. ब्रेझल्टन दिसले. त्यांचं मत जाहिरातीसाठी बनवलेलं नव्हतं, ते त्याआधी ३६ वर्षं ते मांडत होते. पण एखादा सल्ला आणि एखादा माल एकमेकांच्या इतके सोयीचे असतील, तर आपण ग्राहक म्हणून दोनदा विचार करायला हवा. मूल जितकं उशिरा डायपर सोडेल तितके जास्त डायपर खपणार, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

आणि आपण काय केलं? ज्या घड्याळी जबरदस्तीवर तो उतारा होता, ती आपल्या घरांत त्या रूपात नव्हतीच. आपल्याकडे आजीची मांडी होती, पसरलेले पाय होते. दुसऱ्यांच्या दुखण्याचं औषध आपण आपल्या धडधाकट सवयीला पाजलं.

अडीच वर्षांच्या मुलाची कोंडी

आता याची किंमत बघा. पैशांची आधी सांगते, कारण ती सोपी आहे. दिवसाला पाच डायपर आणि एकाला दहा रुपये धरले तर महिन्याला १५०० रुपये, अडीच वर्षांत ४५ हजार. ज्या घरात पगार महिनाअखेरीला पुरत नाही, त्या घरातही आज ‘बाळाला काही कमी नको’ म्हणून डायपर घेतले जातात. आणि ते जातात कुठे? घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेला डायपर वेगळा गुंडाळून द्यायचा असतो. पुण्यात कचरावेचक ताई कधीपासून विनंती करताहेत, की कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही. किती घरं ते करतात? तुमच्या बाळाची शी दुसऱ्या कुणाच्या तरी उघड्या हाताला लागते, हे लक्षात असू द्या.

पण मला सर्वांत जास्त बोचते ती मुलाने मोजलेली किंमत.

डायपरमधली जेल शू क्षणात ओढून घेते. बाळाला ओलं लागत नाही. आत काहीतरी झालं आणि बाहेर काहीच घडलं नाही. ना ओलं, ना आईचा ‘अरे, शू झाली का?’ हा आवाज. हे दिवसाला दहा-वीस वेळा, दोन-अडीच वर्षं. म्हणजे आपण त्याला काही शिकवत नाही असं नाही. आपण त्याला शिकवतो, की या जाणिवेकडे लक्ष द्यायचं नसतं आणि जिथे आहोत तिथेच करायचं असतं. मूल हा धडा चोख गिरवतं.

मग जून येतो. बऱ्याच प्लेग्रुपची अट असते, की मूल डायपरमधून बाहेर आलेलं हवं. मे महिन्यात घरात मोहीम सुरू होते. चॉकलेटचं आमिष, ‘शी शी, घाणेरडा’ असं लाजवणं, शेजारच्या मुलीशी तुलना, एखादा धपाटा. वय अडीच, म्हणजे प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणण्याचं वय. मुलाच्या हातात एवढं एकच शस्त्र असतं, शी धरून ठेवणं. ते पडद्यामागे जाऊन उभ्याने करतं, डायपर बांधून मागतं, नाही मिळाला तर दोन-दोन, चार-चार दिवस करतच नाही.

धरलेली शी आतड्यात सुकते, कडक होते. बाहेर येताना दुखतं, कधी चीर पडून रक्त येतं. दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी धरतं. शेवटी आत खडा बसतो आणि त्याच्या कडेने पातळ शी नकळत चड्डीला लागत राहते. आई-बाबांना वाटतं जुलाब झाले. शाळेत मुलं हसतात. अशी मुलं माझ्याकडे येतात आणि सोबत ‘मुद्दाम करतो हा!’ ही तक्रार येते. मुद्दाम नाही हो. त्याला दुखतंय. बद्धकोष्ठाला इतरही कारणं असतात, जसं दिवसभर नुसतं दूध, भाजी-फळं नाहीत, पाणी कमी. पण भीती आणि घाई हे मोठं कारण आहे आणि ते पूर्ण आपल्या हातात आहे.

जी गोष्ट आपण दोन वर्षं शिकवली नाही, तिची परीक्षा पंधरा दिवसांत घेतो आणि नापास झाल्याचा दोष मुलाला देतो. या गोष्टीला माझा विरोध आहे.

तुमचे आक्षेप

‘लवकर सुरू केलं तर पूर्ण व्हायला जास्त वेळ लागतो.’ हो, लागतो. अमेरिकेत सुमारे ४०० मुलांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात लवकर सुरुवात केलेल्यांना जास्त महिने लागले. पण लवकर सुरुवात केल्यामुळे बद्धकोष्ठ किंवा शी धरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. शिवाय त्या अभ्यासातली मुलं दीड वर्षाच्या आसपासची होती, तान्ही नव्हती. आणि वेळ लागला तर बिघडलं कुठे? बोलायला शिकायलाही दोन वर्षं लागतात.

‘हे बाळ शिकत नाही, आईला सवय लागते.’ सुरुवातीला अगदी खरं! आईला बाळ कळू लागतं, हीच तर पहिली पायरी आहे. बाळाला दिसतं, की मी सांगितलं आणि समोरच्याला समजलं. हा धडा शू-शीपेक्षा मोठा आहे.

‘आम्ही दोघं नोकरी करतो, पाळणाघरात कोण बसवणार?’ हा सगळ्यांत खरा आक्षेप आहे. म्हणून स्पष्ट सांगते, हे दिवसभर करायचं काम नाही. सकाळी उठल्यावर एकदा, संध्याकाळी घरी आल्यावर एकदा, एवढंही पुरतं. बाकी वेळ डायपर किंवा लंगोट खुशाल वापरा. रात्री, प्रवासात, लग्नसमारंभात डायपर ही मोठी सोय आहे. माझं भांडण डायपरशी नाही, चोवीस तासांच्या डायपरशी आहे. आणि हो, सकाळचं बसवणं बाबांनीही करावं. बाळाला फक्त पसरलेले पाय लागतात, ते बाबांनाही आहेत.

सुरुवात कशी करायची

पहिले तीन महिने: आईचं शरीर भरून येत असतं, झोप अपुरी असते. काही केलं नाही तरी चालेल. फक्त बघा. दिवसातून थोडा वेळ बाळाला दुपट्यावर, खाली मेणकापड घालून, उघडं ठेवा. शू होण्याआधी ते काय करतं? एकदम स्तब्ध होतं, पाय झाडतं, कुरकुरतं? शू होताना दिसली की ‘शूऽऽ’ म्हणा. मान सावरलेली नसते, त्यामुळे बसवू नका. बसवायचंच असेल तर डोकं-मान तुमच्या हातावर किंवा छातीवर पूर्ण टेकलेली हवी.

तीन ते आठ महिने: झोपून उठल्यावर आणि दूध प्यायल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी पायावर बसवा. किंवा बाळाची पाठ तुमच्या पोटाला टेकवून, मांड्यांखाली हात घालून मोरीत धरा. आवाज काढा, दोन-तीन मिनिटं थांबा. झालं तर छान, ‘झाली शू!’ म्हणा. नाही झालं तर उठवा. अंग ताठ केलं, रडलं, तर लगेच उठवा.

आठ महिने ते दीड वर्ष: छोटी पॉटी आणा, बाळाचे पाय जमिनीला टेकतील अशी. रोज त्याच जागी ठेवा. एक खूण ठरवा, जसं पोटावर हात थोपटणं, आणि प्रत्येक वेळी ‘शू’, ‘शी’ हे शब्द वापरा. बोलायच्या आधी अनेक बाळं ही खूण स्वतः करून दाखवतात. रांगायला-चालायला लागलं की बाळ अचानक बसायला नकार देतं. घाबरू नका, त्याला आता दुनिया बघायची आहे. आठवडाभर सोडून द्या, मग पुन्हा विचारा.

दीड वर्षानंतर: दिवसा घरात डायपर काढून सुती चड्डी घाला. सहज खाली ओढता येईल अशी. शू-शी झाली की ती टॉयलेटमध्ये टाकताना त्याला दाखवा. कमोडवर बसवत असाल तर पायाखाली पाट द्या. लोंबकळत्या पायांनी शीला जोर लावता येत नाही. चड्डी काढणं, बसणं, धुणं, हात साबणाने धुणं हे सगळं स्वतःचं स्वतः करायला तीन-साडेतीन वर्षं लागू शकतात. रात्रीचं अंथरूण पाच वर्षांपर्यंत ओलं होणं नैसर्गिक आहे. त्याचा दिवसाच्या सवयीशी हिशोब लावू नका.

आजी-आजोबांनो, तुम्हालाही चार शब्द

तुमची बाजू घेतली म्हणून सगळंच जुनं बरोबर असं नाही. शी होत नाही म्हणून विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालणं, साबणाची कांडी लावणं, एरंडेल पाजणं हे बंद करा. याने जखम होते, जंतुसंसर्ग होतो. फक्त आईच्या दुधावर असलेलं दीड-दोन महिन्यांपुढचं बाळ चार-पाच दिवस शी करत नाही, कधी आठवडाभरही. ते खेळत असेल, दूध पीत असेल, पोट मऊ असेल आणि झालेली शी मऊ असेल तर त्याला काहीही देऊ नका.

बसवल्यावर ‘झाल्याशिवाय उठायचं नाही’ असं करू नका. बाळाला झोपेतून उठवून बसवू नका. ‘आमचा मुलगा दहाव्या महिन्यात सांगत होता’ हे सुनेला ऐकवू नका, त्याने बाळ एक दिवसही लवकर शिकत नाही. चड्डीत झाली तर पुसा, बदला, विषय संपवा. ज्या क्षणी बसवण्यात राग येतो, त्या क्षणी आपण त्या जुन्या अमेरिकन घड्याळापाशी पोचतो आणि मग ‘थांबा’ म्हणणारे डॉक्टर बरोबर ठरतात.

लक्ष दिल्याचा आणखी एक फायदा

जो पालक बाळाची शू-शी रोज डोळ्यांनी बघतो, त्याला आजार लवकर कळतो. डायपरमध्ये कितीदा शू झाली, धार कशी होती, हे समजत नाही. पुढची कुठलीही गोष्ट दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा:

– जन्मानंतर पहिल्या २४ तासांत बाळाने काळी शी केली नाही.
– पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू होते.
– मुलग्याची धार बारीक आहे, थेंबथेंब येते, किंवा त्याला शूसाठी जोर करावा लागतो.
– मुलगा असो वा मुलगी, शू सतत गळत राहते, मध्ये कोरडा वेळच नाही.
– सर्दी-खोकला नसताना ताप येतो, शू करताना बाळ कळवळतं. लघवीत जंतुसंसर्ग असू शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.
– शीत रक्त दिसतं, पोट फुगलं आहे, हिरव्या उलट्या होतात. यात अजिबात थांबू नका.
– शी पांढरी किंवा खडूसारखी फिकट आहे. हे नीट लक्षात ठेवा. पित्तनलिका बंद असल्याची ही खूण असू शकते आणि त्याची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त असते. ‘कावीळ आहे, उन्हात धरा’ म्हणत आठवडे घालवू नका.
– कोरडं राहणारं मूल पुन्हा ओलं करू लागलं आणि सोबत तहान वाढली, वजन घटलं. लगेच रक्तातली साखर तपासा.

शेवटी काय करायचं

आईवडिलांनो, उद्या सकाळी बाळ उठलं की एकदा पायावर बसवून बघा. एकदाच. झालं तर तुम्हाला मजा वाटेल, नाही झालं तर काही गेलं नाही. घरात आजी असेल तर तिला विचारा पाय कसे ठेवायचे ते.

प्लेग्रुप चालवणाऱ्यांना विनंती, ‘डायपर सोडलेलाच हवा’ ही अट काढा. तिच्याऐवजी उंचीला छोटी टॉयलेट आणि न रागावणारी एक ताई ठेवा. अटीमुळे मुलं शिकत नाहीत, शी धरायला लागतात.

आणि माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, ‘दोन वर्षं थांबा’ हे वाक्य लिहून देण्याआधी एवढं तरी विचारा, की या घरात जबरदस्ती होते आहे का? होत असेल तर जरूर थांबवा. होत नसेल, बाळ हसत आजीच्या पायावर बसत असेल, तर त्याला तिथून उठवायचं काही कारण आपल्याकडे नाही.